बाटलीतला कागद

"चौगुले सर म्हणजे शांत, संयमी आणि मितभाषी व्यक्तिमत्त्व," असं आमचे माजी प्राचार्य माईकवरून बोलले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शोकसभा होती, म्हणून मी गप्प बसले. शांत? अहो, या माणसानं उभ्या हयातीत एक वाक्य हळू बोललेलं मी ऐकलं नाही. सर वर्गात हजेरी घ्यायला लागले की खालच्या मजल्यावर केमिस्ट्रीवाले दार लावून घ्यायचे. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं हे मलाही कळतं, पण निदान त्याच माणसाबद्दल बोला की! आणि ज्यानं बोलू नये तोच माईक धरून उभा होता, हा आणखी वेगळा संताप. तो का, ते पुढं येईलच.

सर कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. गाव हुपरीजवळ, घर जैन शेतकऱ्याचं. कानाला पेन्सिल, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत वर आणि अंगाला कायम फॉर्मॅलिनचा उग्र वास. काकू त्यांना अंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायच्या नाहीत. मागच्या दारी बंबातलं पाणी तयार असायचं. "एकदा भिशीच्या बायका आलत्या," काकू सांगायच्या, "ह्यांच्या वासानं एकीनं चहा तसाच ठेवला की." सर आतून ओरडायचे, "चहाच तसला असंल!"

त्यांना दोन शब्दांचा भयंकर राग होता. एक 'साधारण' आणि दुसरा 'वगैरे'. पेपरात कुणी 'बेडूक वगैरे प्राणी' असं लिहिलं की त्या पोराला सगळ्या वर्गासमोर उभं करायचे. "वगैरे कोण रं? नाव सांग. तुझ्या लग्नपत्रिकेत बापाचं नाव वगैरे म्हणून घालू काय?" पोरं हसायची. सर हसायचे नाहीत. त्यांना खरंच राग आलेला असायचा, आणि तो दुपारपर्यंत उतरायचा नाही.

पहिल्याच तासाला त्यांनी आमच्यासमोर एक बाटली ठेवली होती. आत बोटभर मासा आणि माशाच्या अंगाला चिकटून एक कागदाचा तुकडा. "हे काय?" आम्ही म्हणालो, मासा. एका हुशार मुलानं लॅटिन नावसुद्धा सांगितलं. सर त्याच्यावरच उखडले. "नाव पुस्तकात हाय की! पत्ता कुठाय? कुठल्या पाण्यातला, कुठल्या दिवशीचा, कुणी आणून दिला? पत्ता न्हाई तो प्राणी बेवारस. मग तो शंभर वर्सं बाटलीत ठेवा न्हाईतर नाल्यात टाका, सारखंच." मग तो कागद आम्हाला काचेतून वाचायला लावला. पेन्सिलीनं लिहिलेला. पेन्सिल का, तर शाई पाण्यात फुटते आणि पेन्सिल टिकते. कागद बाटलीच्या आत का, तर बाहेरचं लेबल झुरळ खातं, ओल खाते आणि माणसंही खातात. हे शेवटचं म्हणताना ते प्राचार्यांच्या केबिनच्या दिशेनं बघायचे.

अशा दोनशे चौदा बाटल्या त्यांनी नोकरीच्या काळात जमवल्या होत्या. विभागातल्या एका लांब खोलीत, लोखंडी मांडण्यांवर. एकही जीव त्यांनी मारलेला नव्हता. "मारायचं न्हाई, आन् मेलेलं वाया घालवायचं न्हाई," हा त्यांचा धर्म. घाटावर जाळ्यात मरून आलेले मासे, विहिरीत पडलेले बेडूक, रस्त्यावर चिरडलेले साप. बाटल्या जिथून मिळतील तिथून, घरातल्या बरण्यासुद्धा. पंचगंगेवरचे मासे धरणारे, ऊसतोडीचे मुकादम, एसटीचे कंडक्टर, सगळे त्यांचे सप्लायर. एकदा गडहिंग्लज गाडीचा कंडक्टर जेवणाच्या डब्यात मेलेला साप घेऊन आला. मोठ्या अभिमानानं डबा उघडला.

"कुठं घावला?" सर.

"रस्त्यावर."

"रस्ता केवढा लांब हाय! रस्त्यावर कुठं?"

"आता सर, निपाणीच्या अलीकडं साधारण—"

झालं. 'साधारण' म्हणाला. सरांनी त्याला असा काही झाडला की तो बिचारा म्हणाला, "आवं सर, साप मेलाय! त्याचं काय रेशनकार्ड काढायचंय?"

"व्हय! तेच काढायचंय!"

आणि दुसऱ्या दिवशी तो कंडक्टर खरोखर ड्रायव्हरला गाडी हळू करायला लावून मैलाच्या दगडावरचा आकडा बघून आला. त्याचं नाव त्या सापाच्या कागदावर सरांनी प्राध्यापकाचं लिहावं तशा अक्षरात लिहिलं. पुढं तो माणूस सुट्टीच्या दिवशी बायकापोरांना घेऊन आपलं नाव दाखवायला यायचा.

दर वर्षी सर तिसऱ्या वर्षाच्या मुलांना मुंबईच्या मोठ्या प्राणिसंग्रहालयात न्यायचे. जिवंत प्राण्यांच्या नव्हे. जिथं काचेमागं पेंढा भरलेले वाघ, पक्षी, देवमाशाची हाडं असतात, त्या. नियम एकच होता, एका माणसाला एकच कपाट. चिठ्ठ्या टाकायच्या, जे कपाट येईल त्याच्यासमोर दिवसभर बसायचं आणि त्यातलं सगळं कागदावर उतरवायचं. वाघाकडं बघायचं नाही, मैत्रिणीकडं जायचं नाही. इतर कॉलेजांची पोरं अर्ध्या तासात चार मजले पालथे घालून वडापाव खायला पळायची आणि आम्ही देवळात बसल्यासारखे मांडी घालून. मला वटवाघळांचं कपाट आलं होतं. मुंबईला जाऊन मी दिवसभर वटवाघळं बघितली, हे आईला सांगायची सोय नव्हती. दुपारी पहारेकरी वाकून म्हणाला, "बाई, काय हरवलंय का?" पण खरं सांगते, त्या सतरा वटवाघळांचे कान मला आजही वेगवेगळे आठवतात.

त्याच दिवशी दुपारी वरच्या मजल्यावरून सरांचा आवाज आला. अख्खं संग्रहालय घुमलं. आम्ही कपाटं सोडून धावलो. सर एका मुंगसासमोर उभे होते आणि समोरच्या पाटीकडं बोट दाखवत ओरडत होते. पाटीवर स्थळ म्हणून फक्त 'दख्खन' लिहिलेलं होतं. "दख्खन म्हंजे काय? ह्याला काय पोस्टानं पत्र घालायचंय? दख्खन केवढं हाय ठावं हाय काय तुमास्नी?" पहारेकरी गोळा झाले, माणसं मोबाईल काढायला लागली. आम्ही लाजेनं मेलो. शेवटी आतून एक वयस्कर अधिकारी आले. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि सरांना म्हणाले, "पाटीवर जागा कमी पडते हो. खरा पत्ता आत आहे. बघायचाय?"

आम्हालाही आत नेलं. तळघरात भिंतीला भिंत लागून कपाटं, कपाटात खण आणि खणाखणात पक्षी उताणे निजलेले, प्रत्येकाच्या पायाला दोऱ्यानं बांधलेला कागद. गाव, दिवस, माणसाचं नाव. मुंगसाचाही कागद होता, ओढ्याच्या नावासकट. सर एकेक खण ओढून वाचत राहिले. तासभर. सूर्यास्ताच्या आत जेवायचा त्यांचा नेम, काकूंनी दिलेल्या चपात्या आणि बिनलसणाची शेंगाची चटणी बाहेर फूटपाथवर बसून खाताना म्हणाले, "आपल्या बाटल्या एक दिवस हितं आल्या पायजेत. कॉलेजाचं काय खरं न्हाई. हितं शंभर वर्सांनी कुणीतरी इचारील की पंचगंगेत त्या टायमाला काय काय होतं. सांगायला कोण हाय? ह्याच बाटल्या हायत." तेवढी एकच गोष्ट या माणसाला आयुष्यात हवी होती. बढती नको, सत्कार नको.

आता त्या प्राचार्यांकडं येते.

सर निवृत्त झाले होते. मी त्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवत होते. म्हणजे शिकवायचं सगळं आणि नोकरी मात्र दर जूनला नव्यानं मागायची. सर दर गुरुवारी सायकलवरून यायचे, बाटल्यांमधलं पाणी कमी झालंय का बघायचे, मला दोन शिव्या घालायचे आणि जायचे. त्या वर्षी कॉलेजच्या तपासणीला बाहेरून कमिटी येणार होती. प्राचार्य विभागात फेरी मारायला आले, नाकाला रुमाल लावून. बाटल्यांकडं बघून म्हणाले, "मॅडम, हे काय? पिवळं पाणी, आत कागदाचे तुकडे तरंगतायत. घाण दिसतं. सगळं चकाचक करा. बाहेरून छापील लेबलं लावू, सोनेरी बॉर्डरची." आणि जाता जाता, "तुमच्या कायमच्या जागेचंही आपण बघतोय बरं का."

मी नाही म्हणाले नाही. हे मला आधी सांगू द्या, म्हणजे पुढच्या शिव्या द्यायचा मला हक्क राहील. सरांना फोन करायला हवा होता. केला नाही. मी मनाशी म्हणाले, कागद काढू, वाळवू, नीट उतरवून घेऊ आणि परत घालू, सरांना कळणारसुद्धा नाही. शनिवारी दिवसभर मी आणि प्रयोगशाळेतले शिंदेमामा बसून बाटल्या रिकाम्या करत होतो. धुतलेली बाटली, तिच्यात तिचाच मासा, नवं पाणी, आणि तिच्यासमोर टेबलावर तिचा ओला कागद. चार लांब टेबलं भरली. शिंदेमामा म्हणाले, "म्याडम, सरास्नी इचारलंयसा न्हवं?" मी म्हणाले, हो. खोटं बोलले.

सोमवारी सकाळी कागद खडखडीत वाळले होते. मी वही उघडून पहिला कागद उतरवायला घेतला आणि प्राचार्य आत आले, सोबत दोन संचालक. "अरे वा! आता कसं छान दिसतंय! पण वास केवढा मारतोय! पंखे लावा की." आणि कुणी लावायची वाट न बघता स्वतःच हात वर करून चारही बटणं दाबली.

चारही पंखे फुल्लवर. दोनशे चौदा कागद. सगळे टेबलांवरून उठून खोलीभर उडाले. एक कागद संचालकांच्या खांद्यावर बसला, तो त्यांनी झटकला. प्राचार्य हसले. म्हणाले, "कचरा गोळा करून घ्या हं शिंदे."

कागद सगळे सापडले, एकही हरवला नाही. पण कुठला कुठल्या बाटलीचा? जो प्राणी एकच होता त्याचं सोपं होतं. कंडक्टरचा साप एकटाच, त्याचा कागद त्याला लागला. असे एकसष्ट निघाले. पण सरांची खरी कमाई बाकीच्या एकशे त्रेपन्नात होती. तोच मासा, त्याच नदीतला नाहीतर तळ्यातला, वेगवेगळ्या घाटांवरचा, वेगवेगळ्या सालातला. कधी होता, कुठून नाहीसा झाला, हे त्या कागदांवरून कळायचं. बाटलीतला मासा काही बोलत नव्हता. सगळे एकसारखे पांढरेफटक.

गुरुवारी सर आले. मी सगळं सांगितलं. ते खोलीभर फिरले, एक बाटली उचलली, ठेवली. मग असे ओरडले की मैदानावरचा खेळ थांबला. माझ्यावर नाही. आधी थेट केबिनमध्ये गेले. प्राचार्य म्हणत होते, "सर, एवढं काय त्यात? मासा तर तोच आहे ना? नवीन लेबलं किती सुंदर दिसतात!"

"तुमच्या बापाच्या फोटोखाली शेजाऱ्याच्या बापाचं नाव घाला. सोनेरी बॉर्डर करा. ते बी सुंदरच दिसंल!"

मग माझ्याकडं आले. "पंखा त्यानं लावला. कागद कुणी काढलं?"

"मी."

"मग तुला काय बोलू?" म्हणाले, आणि बोलले. पाऊण तास. ते शब्द मी लिहिणार नाही, लाज वाटते म्हणून नाही, माझे आहेत म्हणून.

कमिटी आली. आमच्या विभागात चार मिनिटं थांबली, काजू खाल्ले, गेली. कॉलेजला उत्तम शेरा मिळाला. मला कायमची जागा मिळाली नाही. ती प्राचार्यांच्या भाचीला मिळाली. हसा, मीपण हसले होते. आणि वर्षभरात ती खोली हवी म्हणून बाटल्या व्हरांड्यात आल्या. शेवटी सरांनी त्या घरी नेल्या. काकूंनी गोठ्यातली एक बाजू शेणानं सारवून दिली. मेलेले जीव आवारात नकोत म्हणणाऱ्या बाईनं.

सरांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, दुसऱ्याचं ऑपरेशन धड झालं नव्हतं. मुंबईच्या संग्रहालयाला पत्र मी लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, बाटल्या घेऊन या, पत्ते नीट असतील तर ठेवून घेऊ. सर दोन दिवस नुसते ते पत्र खिशात घेऊन फिरत होते. आणि मी ठरवलं. रोज संध्याकाळी गोठ्यात बसायची. कागद समोर, बाटल्या समोर. मोठा मासा मोठ्या घाटाचा, जरा वाकडी शेपटी त्या तळ्यातली, असं अंदाजानं लावत गेले. काहींचं खरंच पटत होतं. बहुतेकांचं नाही. प्रत्येक बाटलीच्या गळ्याला दोऱ्यानं कागद बांधला. महिन्यानं सरांना सांगितलं, "सर, जुळले."

"सगळे?"

"सगळे."

मला वाटलं होतं, विचारतील कसे जुळले. नाही विचारलं. एवढंच म्हणाले, "मेहनत केलीस गं सुजाते." आयुष्यात पहिल्यांदा माझं कौतुक केलं आणि तेही खोट्यावर.

भाड्याच्या पिकअपमधून, भुशात बाटल्या रोवून आम्ही मुंबई गाठली. तळघरात एक तरुण क्युरेटर बाई होत्या, मऊ बोलणाऱ्या. त्या एकेक बाटली घ्यायच्या, कागद मोठ्यानं वाचायच्या आणि नोंद करायच्या. सर खुर्चीवर ताठ बसून ऐकत होते. आधी ते एकसष्ट झाले. मग बाकीच्यांतली पहिली बाटली त्यांनी उचलली आणि वाचलं. कळंबा तलाव, आणि साल माझ्या जन्माच्याही आधीचं.

"बघू," सर म्हणाले. डोळ्यांनी दिसत नव्हतंच. बाटली मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी चाचपली. काच आठ कोनांची होती. त्यांचा हात थांबला.

"ही आमच्या सुनंच्या रुखवतातली बरणी हाय. लोणचं संपल्यावर मी घेतली. पंधरा वर्सं झाली न्हाईत तिच्या लग्नाला. मासा एकदा घातला की बाटली मी बदलत न्हाई. त्यात ह्या सालाचा मासा कसा आला?"

मी त्या लग्नाला गेले होते. ते रुखवत स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, बरण्यांचं कौतुकही केलं होतं.

"सुजाते, कितीचं खरं हाय?"

"आधीचे एकसष्ट सर. बाकीचे... मी लावले."

क्युरेटर बाईंना सगळा प्रकार कळला. त्या चांगल्या होत्या. म्हणाल्या, "सर, एवढे नमुने परत नेऊ नका. आपण स्थळ नुसतं कोल्हापूर जिल्हा लिहू. तेवढं तर खरं आहे ना?" मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. हो म्हणा. हो म्हणा, म्हाताऱ्या! मुंबईपर्यंत आलोय, तुमचा जन्म गेलाय यात, कोण बघायला बसलंय?

"न्हाई," सर म्हणाले. "एकसष्ट ठेवा. बाकीचं ह्या कपाटात नको. उद्या कुणी बिचारा इस्वास ठेवंल."

असा राग आला मला त्यांचा. अजून येतो. स्वतःच्या हातानं स्वतःच्या कष्टाला नाही म्हणणारा माणूस बघायला देवही थांबत नसेल. त्यांनी एकशे त्रेपन्न बाटल्यांचे दोरे एकेक करून सोडायला लावले, मलाच. कागद वेगळ्या पाकिटात. मग नोंदीचा फॉर्म समोर आला. खाली 'शेरा' म्हणून चार रिकाम्या ओळी होत्या. सरांनी सांगितलं आणि बाईंनी लिहून घेतलं: या संग्रहात आणखी एकशे त्रेपन्न नमुने होते. त्यांचे पत्ते काढून ठेवल्यामुळे गेले.

"कुणी काढले, तेही लिहायचं का?" बाईंनी विचारलं.

"प्राचार्यांचं लिहा की सर!" मी ओरडले. त्या तळघरात, सरांच्यासारखीच. "पंखा त्यानं लावला! तो आज पेन्शन खातोय, सत्कार घेतोय, त्याचं नाव कुठंच नको?"

"पंख्याचा रकाना न्हाई ह्यात," सर म्हणाले. ओरडले नाहीत हे खरं, पण तो शांतपणा नव्हता, दमलेपण होतं. "आधी माझी सही. बाटल्या सोडून मी घरी बसलो, खोलीची चावी दिली." पेन बाईंनी हातात दिलं, जागा दाखवली. सही वाकडी आली. मग पेन माझ्याकडं धरलं आणि धरूनच राहिले. मी घेत नव्हते. क्युरेटर बाई टेबलावरच्या दोऱ्यांकडं बघत बसल्या होत्या.

चार महिन्यांनी सर गेले. काकू म्हणाल्या, सकाळी कुणावर तरी ओरडत होते, दुपारी गेले. मधल्या काळात मी दोनदा भेटले असेन, पण मला ते तिथलेच दिसतात, पेन पुढं केलेले, न दिसणाऱ्या डोळ्यांनी माझ्या तोंडाकडं बघत.

मी पेन घेतलं. त्यांच्या सहीखाली सही केली, पूर्ण नावानिशी. त्यांनी विचारलं, "केलीस?" मी म्हणाले, केली.

"तारीख घाल."

घातली. रागानं इतकी दाबून घातली, की खालच्या कागदावरही उमटली.